कुंदा घाडी आणि चौदा नंबरचा प्लॉट

बोरिवली पूर्वेच्या काजूपाड्यात राहणाऱ्या कुंदा घाडीने सत्तावीस वर्षं कापड चाचपून संसाराला हातभार लावला. अंधेरीच्या एमआयडीसीत परदेशी जाणारे शर्ट शिवणारा एक कारखाना होता. तिथे ती कापड तपासायला होती. आलेला ताका टेबलावर उलगडायचा, डाग, गाठ, सुटलेला धागा हेरायचा, मग गोल कटरने तळहाताएवढी चकती कापून काट्यावर ठेवायची. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम भरेल, ते त्या चकतीवरून कळतं. कारखान्यात त्याला सगळे जीएसएम म्हणत. शर्टाचं कापड शंभर-एकशे वीसचं, पँटचं अडीचशेच्या पुढचं.

कुंदाला काटा नावापुरता लागे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड धरून एकदा चोळलं की ती आकडा सांगायची, आणि काटा तिच्यामागून तोच आकडा दाखवायचा. फार तर दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे. तिचे वडील लालबागच्या एका गिरणीत घडी खात्यात होते. संपानंतर ते गावी देवगडला न परतता इकडे उपनगरात आले, आणि लेकीला बोटांची ही विद्या त्यांनीच दिली.

मग कारखाना मुंबईबाहेर गेला. कुंदा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. दोन-चार ठिकाणी ती विचारून आली. सगळीकडे मशीन आलं होतं, नाहीतर पंचविशीतल्या मुली हव्या होत्या. आठ महिने ती घरी बसून साड्यांना फॉल-पिको करत राहिली. तिचा नवरा दशरथ एका सोसायटीत लिफ्ट आणि पंप सांभाळायचा. तो म्हणायचा, "अगं, बस की जरा. आयुष्यभर धावलीस." पण तिला बसवत नव्हतं. हात रिकामे राहिले की तिला स्वतःचाच राग यायचा.

शेजारच्या राधाची मुलगी गार्गी वनस्पतिशास्त्रात एमएससी करून एका अभ्यासावर कामाला लागली होती. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ती चाळीच्या गॅलरीत ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला पानांचा ढीग घेऊन बसली होती, आणि चेहरा रडवेला झाला होता. उद्यापर्यंत सगळी पानं झाडवार लावायची होती आणि हात दोनच.

"दे इकडे," म्हणत कुंदा शेजारी बसली.

दहा मिनिटांत तिने दोन पानं उचलून गार्गीपुढे धरली. "ही एका झाडाची नाहीत ना?"

"नाहीत. पण दोन्ही झाडं कुंभ्याचीच आहेत काकू. जात एकच."

"जात असेल गं एक. कापड वेगळं आहे. हे बघ ना, हे जड आहे, चिवट आहे. आणि हे एकदम मऊ."

गार्गी चमकली. एक पान वरच्या कड्यावरच्या झाडाचं होतं, दुसरं खाली ओढ्याकाठचं. मग तिने सांगितलं, की पानाचं क्षेत्रफळ मोजतात, पान वाळवतात, त्याचं वजन करतात, आणि एक चौरस मीटर पानाला किती ग्रॅम ते काढतात.

"म्हणजे जीएसएम."

"काय?"

"जीएसएम गं! पानाचं जीएसएम काढता तुम्ही. मला वाटलं काय मोठं सायन्स आहे."

गार्गीला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तिने ही गोष्ट आपल्या मॅडमना सांगितली, आणि त्यानंतरच्या सोमवारी कुंदा घाडी जंगलात कामाला लागली.

अभ्यास अनुपमा मॅडमचा होता. बोरिवलीच्या जंगलात त्यांनी वीस जागा आखल्या होत्या, काही वरच्या कातळावर, काही उतारावर, काही ओढ्याच्या काठाला. प्रत्येक जागेला ते लोक प्लॉट म्हणत. दशरथने ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "बोरिवलीत प्लॉट? वीस? एक तरी आपल्या नावावर करून घे की."

मॅडमनी कुंदाला पहिल्याच दिवशी एका दगडावर बसवून काम समजावलं. "ओढ्याकाठी माती खोल असते, तिच्यात ओल असते, कस असतो. झाडाला मागेल ते मिळतं. तिथे ते मोठी, पातळ पानं भराभर काढतं. किड्याने खाल्ली तर खाल्ली, दुसरी येतात. वर कातळावर माती वीतभर. तिथे झाडाला प्रत्येक पान महागात पडतं. मग ते लहान, जाड, टिकणारं पान काढतं."

"शाळेच्या युनिफॉर्मसारखं," कुंदा म्हणाली. "वर्षाला एकच घ्यायचा म्हटल्यावर आई जाड कापडच बघते."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे त्या वर्गात तेच उदाहरण देऊ लागल्या.

सुरुवात मात्र सोपी गेली नाही. पहिल्या आठवड्यात कुंदाचे सगळे अंदाज चुकले. कापड कोरडं असतं, पानात पाणी असतं. पावसानंतरचं टम्म फुगलेलं पान बोटांना जाड लागायचं आणि वाळवून मोजलं की हलकं निघायचं. ती खट्टू झाली, पण गप्प बसली नाही. प्रत्येक पान आधी चोळायची, आकडा सांगून ठेवायची, वाळल्यावर खरा आकडा बघायची. शेकडो पानं अशी तिच्या हाताखालून गेली. महिनाभरात बोटं पाण्याला फसेनाशी झाली. पाण्याने आलेली जाडी दाबली की दबते, पानाची स्वतःची जाडी दबत नाही, हे तिला उमगलं. ऑक्टोबर संपेपर्यंत गार्गी काटा लावायच्या आधी तिच्याकडे बघायला लागली.

आणखी एक गोष्ट ती पक्की शिकली. सावलीतलं पान पातळ असतं आणि उन्हातलं जाड, म्हणून सगळी पानं शेंड्याची, उन्हातलीच घ्यायची. लांब बांबूला आकडी बांधून पानं काढायचं काम खंडूचं. खंडू जंगलातल्याच पाड्यावरचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. सगळ्या वाटा त्याच्या पायाखालच्या. कुंदा त्याला खालून ओरडायची, "खंडूभाऊ, वरचं हवं, वरचं! बाजूच्या फांदीचं देऊन गंडवू नका!" आणि तो हसून बांबू आणखी उंच करायचा.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात सगळे आकडे एकत्र मांडले गेले. मातीचं काम दुसऱ्या कॉलेजातले चंद्रप्रकाश सर बघत होते. माणूस हुशार, जीभ तिखट. त्यांच्या माणसांनी वीसही प्लॉटमधली माती आणून तपासली होती. मॅडमच्या खोलीत भिंतीवर आलेख पडला. जशी माती चांगली, तसं पान हलकं. ठिपके एका तिरप्या रेषेच्या आजूबाजूने छान बसले होते, फक्त एक सोडून. तो ठिपका एकटाच दूर वर जाऊन बसला होता.

"चौदा नंबर," चंद्रप्रकाश सर म्हणाले. "सपाटीवरची जागा. माती काळीभोर, उत्तम, दोन फूट खोल. आणि पानं कातळावरच्यासारखी जड? शक्य नाही. कुणी मोजली?"

"मी," कुंदा कोपऱ्यातून म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, हे कापड नाहीये."

गार्गीचे कान लाल झाले. कुंदाला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. सत्तावीस वर्षांत तिने पास केलेला एक ताका परत आला नव्हता, आणि आज चारचौघांत तिच्या हातावर बोट ठेवलं गेलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा मोजू. त्यात काही कमीपणा नाही."

पुन्हा मोजलं. तीन दिवस कुंदा, गार्गी आणि खंडू चौदा नंबरला जात होते. तिथली कुंभ्याची नऊच्या नऊ झाडं, प्रत्येकाची वीस पानं. वाळवली, तोलली. आकडे जसेच्या तसे आले. पण या खेपेला कुंदाने एक गोष्ट नीट बघितली, जी सरासरीत बुडून गेली होती. नऊपैकी सात झाडांची पानं जड होती. आठव्या नंबरचं मधलंच. पाचव्या नंबरचं झाड मात्र एकटंच मोठ्या, मऊ पानांचं. सात झाडं एका लॉटमधली वाटावीत आणि पाचवं भलत्याच ताक्यातून कापल्यासारखं.

पुढच्या बैठकीत चंद्रप्रकाश सर म्हणाले, "बरं, मोजमाप बरोबर असेल. मग चौदा नंबर काढून टाकू. विसातला एक गेला तर काय होतंय?"

"सर, मी बोलू का?" कुंदा उभी राहिली. "आमच्याकडे कधी कधी मालासोबतच्या चलनावर लिहिलेलं असायचं एकशे वीस आणि कापड निघायचं दीडशेचं. तेव्हा आम्ही ताका फेकून देत नव्हतो. चलन लिहिणाऱ्याला बोलवायचो. पान झाडावर आलंय सर, ते काही आपण बनवलेलं नाही. कागद आपण बनवलाय. चौदा नंबरची माती परत बघा. माझं म्हणणं आहे, त्या पाचव्या झाडापाशी खोल आहे आणि बाकी सगळीकडे उथळ."

"आणि नसली तर?"

"तर मी फॉल-पिको करायला मोकळी."

सर म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. पण एक अट. प्रत्येक झाडापाशी आधी तुम्ही खोली सांगायची, गार्गी लिहून घेईल, मगच सळई ठोकायची. नंतर सारवासारव नको."

"चालेल."

ही बातमी संध्याकाळी दशरथने ऐकली. "वाट लागली! तू सरांशी पैज लावून आलीस?"

"पैज नाही. तपासणी आहे," कुंदा म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली. मनातून ती पार धास्तावली होती, पण ते तिने त्याला कळू दिलं नाही.

सकाळी आठला पाच जण चौदा नंबरला पोचले. मॅडम, सर, गार्गी, कुंदा आणि खांद्यावर चार फुटी सळई आणि घण घेतलेला खंडू. जागा दिसायला खरोखरच देखणी. सपाट, पायाखाली कुजलेल्या पाल्याची काळी मऊ माती. सर ती मुठीत घेऊन म्हणाले, "बघा. ही उथळ म्हणायची?"

खंडूने पहिल्या झाडाचं शेंड्याचं पान काढून दिलं. कुंदाने ते चोळलं. "वीतभर."

गार्गीने लिहिलं. खंडूने सळई उभी धरून घण घातला. दोन घाव मऊ गेले, तिसऱ्याला ठण्ण असा आवाज आला आणि सळई त्याच्या हातात झिणझिणली. खाली कातळ. बाहेर काढून मोजली तर जेमतेम वीतभर.

"आणखी तीन ठिकाणी ठोका," सर म्हणाले. झाडाच्या चहूबाजूंनी ठोकली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

दुसरं झाड. "वीत आणि चार बोटं." बरोबर. तिसरं बरोबर. चौथ्याला कुंदाने पान जरा जास्त वेळ धरलं. दोनदा उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "हे सगळ्यात वाईट. इथे वीतसुद्धा नाही." सळई पहिल्याच घावाला वाजली. खंडूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते त्याच्या तोंडून निघालं, "झकास!"

मग पाचवं झाड आलं. पान हाताएवढं मोठं, कडा नाजूक. कुंदाने ते चोळलं आणि सरांकडे वळली. "सर, इथे ही सळई पुरणार नाही."

खंडू ठोकत गेला. एक फूट, दोन फूट, तीन. कुठे अडेना. शेवटी सळईचं वरचं टोक जमिनीला टेकलं आणि घण मातीवर आदळला. चार फूट सळई गडप झाली होती. दोन कातळांमधल्या फटीत वर्षानुवर्षं माती साचून तिथे खोल खळगा झाला होता.

गार्गी नाचायची बाकी होती. पण मॅडम खाली वाकून काहीतरी बघत होत्या. झाडाच्या बुंध्यापासून दोन पावलांवर पाल्यात एक लाकडी खुंटी रोवलेली होती. तिच्यावर लाल रंगाने चौदा लिहिलेलं. जिथून मातीचा नमुना घेतला, तिथे सरांची माणसं अशी खुंटी ठोकत. मॅडमनी आजूबाजूला बघितलं. नियमाने अशा तीन खुंट्या प्लॉटभर विखुरलेल्या हव्या होत्या. तिन्ही त्याच झाडाभोवती होत्या.

चंद्रप्रकाश सर एका दगडावर बसले. त्यांना सगळं समजलं होतं. माती काढायचं दोन फुटी गिरमिट इतर ठिकाणी आत शिरलं नसणार. त्यांच्या माणसांनी कंटाळून जिथे शिरलं तिथलीच माती तीनदा भरून आणली.

"चला, उरलेली चार करू," ते म्हणाले. आवाजातला तिखटपणा गेला होता.

सहावं बरोबर निघालं. सातव्याला कुंदा म्हणाली "वीतभर," आणि सळई सरसर दोन फूट आत गेली. चारही बाजूंनी तेच. तिने पान पुन्हा चोळलं. पान जडच होतं.

"चुकले," ती म्हणाली. "का ते नाही सांगता येत."

त्या झाडाचं पान तसं का, हे आजपर्यंत कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. आठव्या मधल्या झाडाला तिने फूटभर सांगितलं होतं, ते जुळलं. नववंही जुळलं. गार्गीने वही मिटून जाहीर केलं, "नवापैकी आठ!"

सर उठले, कुंदासमोर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुंदाताई, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. मी ते मागे घेतो."

कुंदाने मान हलवली. परत येताना ती सगळ्यांच्या पुढे, खंडूच्याही पुढे, जवळजवळ पळतच उतरत होती. खाली रस्त्याला लागल्यावर तिने दशरथला फोन लावला आणि पहिल्यांदाच रडली. पलीकडे तो घाबरून "काय झालं, काय झालं" करत राहिला. शेवटी ती ओरडली, "अरे, जिंकले मी!"

त्या जानेवारीत वीसही प्लॉटमध्ये नव्याने सळई फिरली. सर स्वतः प्रत्येक ठिकाणी हजर होते. वरच्या थरातला कस आणि खालची खोली, दोन्ही धरून आलेख पुन्हा काढला तेव्हा चौदा नंबरचा ठिपका रेषेवर येऊन बसला. आणखीही दोन प्लॉटची माती कागदावर होती तशी नव्हती, हेही बाहेर आलं. मॅडम म्हणाल्या, आता हा अभ्यास कुठेही ताठ मानेने मांडता येईल.

शोधनिबंध लिहून झाला. वर लेखकांची नावं होती. अनुपमा मॅडम, चंद्रप्रकाश सर, आणि तिसरं कुंदा द. घाडी. गार्गीचं चौथं, आणि खंडूचंही होतं, पाचवं. कुंदा म्हणाली, "मॅडम, मी त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही."

"चौदा नंबर तुम्ही वाचलात," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला तो वाचता आला नव्हता."

दशरथने मोबाइलवर ते नाव मोठं करून बघितलं. मग सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना दाखवून आला.

पुण्याला परिषद होती. मॅडमनी अर्ध्या भाषणानंतर कुंदाला पुढे बोलावलं. तिने मराठीतच सांगितलं, पान कसं धरायचं, पाण्याची जाडी कशी ओळखायची, चौदा नंबरला काय झालं. सातव्या झाडाला आपण चुकलो, तेही सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतून कुणा अनिरुद्ध नावाच्या तरुण संशोधकाने विचारलं, "पण नुसत्या बोटांनी एवढा फरक खरंच कळतो? मला पटत नाही."

"पुढे या ना जरा," कुंदा म्हणाली.

तो आला. तिने त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली. "एकशे पंधरा. आणि यात पॉलिस्टर आहे."

"शक्य नाही. मी प्युअर कॉटन म्हणून घेतलाय."

"आत लेबल असेल, बघा."

शेजारच्याने त्याची कॉलर उलटी करून लेबल मोठ्याने वाचलं. साठ टक्के कॉटन, चाळीस टक्के पॉलिस्टर. सभागृहात हशा उसळला, आणि टाळ्या इतका वेळ वाजत राहिल्या, की कुंदाला माइकसमोर नुसतं उभं राहावं लागलं. अनिरुद्धच सगळ्यात जोरात वाजवत होता.

आता तिच्या हाताखाली सहा जण आहेत, त्यांत दोघं पीएचडी करणारे. पानं बोटांनी कशी पारखायची, ते तीच शिकवते आणि पहिल्या आठवड्यात चुकणाऱ्यांना रागवत नाही. मुलुंडच्या बाजूला डोंगरउतारावर झाडं लावायची होती, तेव्हा कोणतं रोप कातळाच्या अंगाला टिकेल आणि कोणतं नाल्याच्या कडेला हवं, ते ठरवायला तिलाच नेलं होतं. दोन उन्हाळे गेले, आणि उतारावरची रोपं कमरेला आली आहेत. यंदा अभ्यासाचे आणखी दहा प्लॉट वाढले. चंद्रप्रकाश सर आता गिरमिटाआधी तिला विचारतात. परवा ते चोवीस नंबरच्या खालच्या वाटेवरून ओरडले, "कुंदाताई, काय म्हणतंय पान?"

कुंदाने वरून, कुंभ्याचं भलं मोठं पान हातात धरून, उत्तर दिलं, "म्हणतंय, सळई लांब आणा!"